न उघडलेल्या पहिल्या आवृत्त्या

प्रिय निरंजनदादा,

भूगावात यंदा ऊन फारच कडक आहे, बाकी ठीक. यांच्या डोळ्यांचं मात्र खरं सांगते. काचबिंदूने उजवा गेलाच होता, आता डाव्यालाही फक्त उजेड-अंधार कळतो. यापुढे काही होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तुला फोनवर 'बरं हाय' म्हणतात, ते खोटं आहे.

तू पाठवलेली जुनी रहस्यकथा परवा मिळाली. पहिलीच आवृत्ती आहे का, ते बघायला यांनी एक पान दोन बोटांत धरून मागून हळूच चाचपलं. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेल्या पानाला मागे उठाव लागतो, नंतरच्या ऑफसेट छपाईचं पान गुळगुळीत, हे तूच शिकवलंस ना? मग मला मलपृष्ठ वाचायला लावलं. त्याच लेखकाची पुढची कादंबरी 'लवकरच येत आहे' अशी जाहिरात होती. म्हणाले, "मंग पयलीच हाय! मागनं छापली आसती तर 'परसिद्ध झाली' म्हनले आसते." किती दिवसांनी हसले, दादा!

मी सहज विचारलं, यात खून कोणी केला? तर म्हणाले, "म्या कुटं वाचलीया?" मी खोदून विचारलं. तेव्हा कळलं, कपाटातली निम्मी पुस्तकं यांनी वाचलेलीच नाहीत. पुस्तक पुरतं उघडलं की कणा मोडतो, शिवण सुटते, म्हणून तुम्हा दोघांचा नियम: पहिली आवृत्ती जपायची आणि वाचायला नंतरची शोधायची. ती कित्येकांची मिळालीच नाही. मला तुमचा दोघांचा असा राग आला!

मग मीच वाचून दाखवायला बसले. पण शेवट आधी पाहिल्याशिवाय मला राहवत नाही, आणि खुनी बोलायला लागला की माझा आवाज बदलतो. यांना तिसऱ्याच प्रकरणात सगळं कळतं. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दादाला सांग, समदं कपाट घिऊन जा. मला काय उपेग?" मी काही कळवलं नाही, तेव्हा तुला तसा निरोपही यांनीच धाडला.

रविवारी तू टेम्पो घेऊन येणार, म्हणून हे लिहितेय. फोन केला असता तर यांनी ऐकलं असतं. टेम्पो आणू नकोस, दादा. कपाट गेलं तर हा माणूस सकाळी उठेल कशासाठी, याची मला भीती वाटते. तू एकटाच ये, चांगला राहायला ये. यांच्या शेजारी बस, एक पुस्तक काढ आणि पुरतं उघड. कणा मोडलेला यांना ऐकू येऊ दे, आणि मग तू वाचायला लाग.

तुझीच,
गौतमी