तापलेल्या चाकाजवळचा हात

बाबा, दसऱ्यापासून तुमची गाडी थरथरते आहे. तुमच्या दिग्रसच्या गॅरेजमधलं एवढंच माझ्याजवळ उरलंय. पूजेला उशीर होत होता, म्हणून दारव्ह्याहून गाडी चालवत आल्या आल्या चाकांवर बादलीभर थंड पाणी ओतलं, झेंडूचा हार घातला, आपट्याची पानं वाहिली. दुसऱ्या दिवशी ब्रेक दाबला, तर स्टिअरिंग कापायला लागलं, पहिल्यांदा वर्गापुढे कविता म्हणणाऱ्या पोराच्या हातातलं पुस्तक कापतं तसं. मुलगा म्हणाला, भंगारात द्या. भाऊबीजेला धाकटी बहीण नेरहून आली, तेव्हा तिला दाखवली. तुमची लाडकी.

तिनं एक चक्कर मारली, उतरून पदर खोचला आणि चाकांजवळून उपडा हात फिरवत गेली. हुबेहूब तुमची रीत. पुढच्या डाव्या चाकाशी हात थांबला.

"दादा, हे एकच चाक तापून राह्यलं. कॅलिपर जाम हाय. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कले धरूनच राह्यते. अन् असल्या तापल्या डिस्कवर तू पानी ओतलं?"

"पूजा होती."

"तापल्या तव्यावर गार पानी मारलं तर तवा सुधा राहते काय? वाकतेच. कॅलिपर सुटन, पन डिस्क आता नवीच लागन."

ती बोलत होती आणि मी कुठल्या कुठे गेलो होतो. मी आठवीत आहे. तुम्ही गाडीखालून धाकटीला हाक मारता, "माय, इकडं ये. हात दे." तिचा एवढासा पंजा धरून तुम्ही चाकाजवळ नेता. "सांग, कोनतं तापलं?" मीही पुढे होतो. "तू नको रे. तुह्ये हात पुस्तकाचे. जा, त्या पाव्हन्याले कविता म्हनून दाखव." मी म्हणतो. पाहुणा वाहवा करतो, तुम्ही कौतुकानं हसता, आणि माझा डोळा तिच्या काळ्या बोटांवर. संध्याकाळी तुम्ही रॉकेलच्या फडक्यानं तिचे हात पुसायचे, एकेक बोट धरून, सावकाश. माझे हात स्वच्छच असायचे, बाबा. त्यांना कोण पुसणार? त्या कवितांची निम्मी कडवी आता आठवत नाहीत. ते फडकं आठवतं.

"भंगारात कायले देतं? मले दे," ती म्हणाली. "मी नीट ठेवीन."

"अजून काय काय पायजे तुले बाबांचं?" या वयात, भाऊबीजेच्या दिवशी, ओवाळून घ्यायच्या आधी मी बहिणीला हे बोललो. मग माझं मनगट धरून तिनं मला चाकाशी ओढलं. "इकडं ये. हात दे." माझा तळहात उपडा करून तिनं चाकाजवळ धरला. तिची बोटं खरखरीत आहेत, तुमच्यासारखी.

"समजलं?"

"नाही."

तिनं हात तसाच धरून ठेवला. "आता?"

"नाही समजत बुवा."

गाडी तिला अजून दिलेली नाही. द्यावी, असं कधी वाटतं, कधी मुळीच वाटत नाही. हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही आणि तिला मी दाखवणार नाही, म्हणून लिहून टाकतो: तिनं पहिल्यांदा विचारलं, तेव्हाच चाकाची धग मला कळली होती.