बारा मुक्या चिमण्या

२ मार्च
वेबसाइट तयार! शाळेत पाठ केलेल्या कविता, अकरा पानं. बारावं पान अक्काचं. सातवीत तिने लिहिलेली 'घंटा' मी स्नेहसंमेलनात माझी म्हणून म्हटली आणि कप पटकावला. एकसष्ट वर्षं झाली. आता कविता तिच्या नावाने टाकायची, खाली माझी कबुली. वीस तारखेला तिची पंचाहत्तरी. तिला आता दिसत नाही, फोन वाचून दाखवतो. त्या दिवशी तिने आपली आपण बाराव्या पानावर यायचं. कबुली म्हणजे दहा मिनिटांचं काम. उद्या.

४ मार्च
पानांना नुसते आकडे? किती रुक्ष! त्याऐवजी तारेवर बारा चिमण्या. तिसरीवर बोट ठेवलं की तिसरं पान. नव्या पुस्तकाचा वास आठवला आणि दुपार कुठे गेली कळलं नाही. कबुली राहिली.

७ मार्च
अक्काकडे गेलो. बाराव्या पानावर तुझ्यासाठी काहीतरी आहे, एवढंच सांगितलं. तिचा फोन बोलू लागला: लिंक, चित्र. लिंक, चित्र. बारा वेळा. अक्का म्हणाली, बाळ्या, हा एकाच पोराची बारा वेळा हजेरी घेतोय का रे? मी म्हणालो, तुझा फोन जुना आहे.

८ मार्च
सूनबाई वेबसाइट बनवायचंच काम करते, म्हणून तिला दाखवलं. म्हणाली, अप्पा, चिमण्या गोड आहेत, पण मुक्या आहेत. प्रत्येकीला नाव द्या. आपण कुठल्या पानावर आहोत तेही फोनला कळू द्या. मी म्हणालो, माझ्याही मनात तेच होतं.

१३ मार्च
नावं दिली. 'ओली पाटी', 'मोडका खडू', 'मधली सुट्टी'... अक्का म्हणाली, अरे, सुट्टी सापडली, पण बारावं पान कुठल्या सुट्टीत आहे? सूनबाई नुसती हसली. बोलली असती तर परवडलं असतं.

१६ मार्च
शेवटी आकडेच. 'पान १' ते 'पान १२', शिवाय 'मागचं' आणि 'पुढचं'. डोळे मिटून स्वतः चाचणी घेतली. यशस्वी. (एक डोळा किंचित किलकिला होता. तो धरत नाही.)

१८ मार्च
कबुलीला बसलो. 'प्रिय अक्का' झालं. 'प्रिय' खोडलं. मग 'अक्का'ही. सुरुवात जमली पाहिजे. तेवढ्यात वाटलं, चालू पानाचा आकडा ठळक हवा. तिला दिसणार नाही, मान्य. पण काम म्हणजे काम. रंग निवडता निवडता संध्याकाळ. कप कपाटात मागे सरकवला. उगाच नजरेत येतो.

१९ मार्च
सूनबाई म्हणाली, आता कुणीही न अडखळता जाईल. ऊर भरून आला. बारावं पान उद्या पहाटे लिहीन, ताज्या मनाने. अक्का काही नऊच्या आत उठत नाही.

२० मार्च, सकाळी ७
अक्काच्या फोननेच जाग आली. लहान मुलीसारखी ओरडत होती. बाळ्या, पोचले! कुणाला न विचारता, एकटी! फोन म्हणाला, पान बारा, चालू पान. आणि मग गप्पच झाला. पुढे आहे ना रे काही? की माझाच फोन बिघडलाय?
म्हणालो, फोनच असेल.
ती म्हणाली, असेल बाई, जुना झालाय. मग काय, कानाला लावून बसते थोडा वेळ.