साताऱ्याचं अर्धं तिकीट

आई, तुला लिहायचं तर आधी हे सांगायला हवं की माझा तुझ्यावर विश्वास नव्हता. नऊ वर्षांच्या पोरीनं आईवर संशय घ्यावा हे बरं दिसत नाही, पण आपल्या विट्याच्या घरात संशय मीठमिरचीसारखा रोजच्या वापरातला होता. माझे वडील, म्हणजे दादा, सोनं गाळायच्या दुकानात, लांब परमुलखात. वर्षातून एकदा यायचे. मागं आज्जीचं राज्य. माहेरी धाडायचं कार्ड तू माझ्याकडून लिहवून घ्यायचीस आणि आज्जी ते शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतल्याशिवाय टपालपेटीत पडू द्यायची नाही. त्यामुळं आपली सगळी कार्डं सारखीच. आम्ही सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवणे.

मास्तरांचा रेडिओ भिंतीतून ऐकू यायचा. भाकरी थापताना तू त्याच्याबरोबर गायचीस आणि हटकून चुकायचीस. 'सांगताना रात सरली' अशी एका गाण्यात ओळ होती. तू म्हणायचीस, 'साताऱ्याला रात सरली'. मी शहाणपणा करून दुरुस्त केलं तर म्हणालीस, "भिंतीतनं मला जे ऐकू आलं ते म्या म्हनलं. तुजं तू म्हन." तुझं माहेर साताऱ्याकडचं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच. चुकून चुकतेस की मुद्दाम, हे मी पुढं प्रत्येक गाण्याला कान देऊन तपासत बसायची.

आज्जी देवळात गेली की तू म्हणायचीस, "पाटी घे गं."

"कुनाला लिव्हायचं?"

"नाव नगं. नुसतं लिव्ह."

मग तू खरं बोलायचीस. हितं जीव रमत न्हाई, मला येऊन घिऊन जावा. मी अक्षर न् अक्षर उतरवायची, वाचून दाखवायची, तू मान डोलवायचीस आणि ओल्या पदरानं पाटी पुसून टाकायचीस. कुणासाठी होती ती पत्रं? मामासाठी असावीत, असं आता वाटतं. तेव्हा मला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. माझं दुखणं वेगळंच होतं, त्या पत्रांत मी कुठंच नव्हते. एकदा तू म्हणालीस, "लिव्ह, मी यकटीच येती." मी लिहिलं, 'आम्ही दोघी येतो.' वाचताना मात्र तुझंच वाक्य वाचलं. तुला अक्षर येत नव्हतं. येत नव्हतं ना?

त्यानंतर मी डोळ्यात तेल घालून तुझ्यावर पाळत ठेवली. मधल्या सुट्टीत घरी पळत यायची, तू चुलीपुढं दिसलीस की परत जायची. आज्जी विचारायची, "तुजी आय काय म्हनती गं दिसभर?" मी सांगायची, "गानी म्हनती." तुझी चहाडी कधी केली नाही, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवते. दुष्काळ सरल्यानंतरच्या हिवाळ्यात एका बाजारादिवशी तू चुलीपुढं नव्हतीस. तुझं ठेवणीतलं लुगडंही पेटीत नव्हतं. मी तशीच धावत एसटी स्टँडवर गेले. साताऱ्याची गाडी लागलेली, आणि दाराशी तू, हातात पिशवी. मी रसाच्या गाड्याआड थांबले. हाक ओठावर आली होती, पण तू काय करतेस ते मला बघायचंच होतं.

"कुठं?" कंडक्टरनं विचारलं.

"सातारा. यक आख्खं, यक अर्धं."

"अर्धं कुनाचं? पोरगं कुठं हाय?"

तू पिशवी दुसऱ्या हातात घेतलीस. मग म्हणालीस, "साळंत हाय."

"आवं मावशी, मग आनाय नगं व्हय? गाडी थांबायची न्हाई."

तू बाजूला झालीस. मागच्या माणसांना वाट दिलीस. गाडी गेली आणि तू पिशवी उराशी धरून तशीच उभी राहिलीस. मी गुपचूप शाळेत परतले.

संध्याकाळी तू नेहमीसारख्या भाकरी थापल्यास. पाटी मात्र पुन्हा मागितली नाहीस. त्याच घरात आज्जीचं दुखणं काढलंस, दादांचं काढलंस आणि तिथूनच कायमची गेलीस. आता मी तुझ्या तेव्हाच्या वयाच्या दुप्पट झाले, तरी खोड जात नाही. वाटतं, तू मला गाड्याआड बघितलं होतंस का? म्हणून ते अर्धं तिकीट मागितलंस का? मग मीच उत्तर देते की बघितलं असतं तर हाक मारली असतीस, दोघी गेलो असतो. मग पुन्हा वाटतं, दुसऱ्या दिवशी मला घेऊन का नाही गेलीस? गाडी तर रोज होती. एवढंच कळतं की निघायला जो धीर लागतो तो तू त्या दिवशी कसाबसा गोळा केला होतास, आणि तो माझ्यापायी वाया गेला.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, आणि टाकायचं तरी कुठं. तुला लिहायचं होतं की त्या दिवशी तू जायला हवं होतंस, एकटी का होईना. सुखात राहिली असतीस. दोनदा लिहून खोडलं. खरं नाही ते. ती गाडी तुला न घेता गेली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी शाळेपर्यंत उड्या मारत गेले, आणि आई, तुझे पुढचे सगळे दिवस डोळ्यांनी बघूनही तो आनंद अजून कमी झालेला नाही.