वाचून न दाखवलेला अर्ज

दादा, दुपारपासून डोकं फिरलंय माझं. आधी मोबाईलमधल्या त्या एआयचा राग आला, मग शेंद्र्याच्या एका कंपनीतल्या सुपरवायझरचा, आणि आता संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसले तर सगळा राग फिरून तुमच्यावरच येतोय. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मेलेल्या बापाशी भांडायचं तर कागदाशिवाय दुसरी सोय नाही, म्हणून लिहितेय. हातानं लिहितेय, तेवढं तरी कौतुक करा. जिवंतपणी कधी केलं नाहीत.

तुम्ही कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचात. त्याच रस्त्याला, गुलमंडीकडं जाताना डाव्या हाताला, माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. अर्जाच्या वर आता औरंगाबाद लिहीत नाहीत, छत्रपती संभाजीनगर लिहायचं. बाकी कचेरी तीच आणि लोकांचे हेलपाटेही तेच. तुमचा टाइपरायटर वरच्या फळीवर ठेवलाय, पोरी त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढतात. मी मात्र आता मोबाईलवर काम करते. त्यात असं एक निघालंय, की आपण हुकूम सोडायचा आणि त्यानं लिहून द्यायचं. त्या हुकमाला प्रॉम्प्ट म्हणतात. 'तू अनुभवी अर्जलेखक आहेस, विषय अमुक, भाषा नम्र, एक पान' एवढं टाकलं की चहा निवायच्या आत अर्ज हजर. दुकानाचं दरपत्रक, बोर्डावरचा मजकूर, कागद वेळेवर न देणाऱ्या व्यापाऱ्याला खरमरीत पत्र, गिऱ्हाइकांना दिवाळीच्या शुभेच्छा, सगळं मी त्याच्याकडूनच करून घेते. जे प्रॉम्प्ट बरे चालतात ते एका दोनशे पानी वहीत उतरवून ठेवलेत. 'तक्रार, ठाम पण गोड.' 'विनंती, साहेबांचं मन वळेल अशी.' खोटं कशाला बोलू, मला लई आवडलं ते. तुमच्यासारखं ते डोळे वटारत नाही. दहादा तेच विचारा, उत्तराची सुरुवात 'नक्कीच!' अशीच. मला जन्मात कुणी इतक्यांदा नक्कीच म्हणलं नव्हतं.

आठ दिवसांमागं एक बाई आली. शेंद्र्याजवळच्या गावची, पन्नाशी उलटलेली, कंपनीत झाडू-फरशीचं काम करणारी. पायरीवरच चप्पल काढून आत आली. मी तिला मावशी म्हणलं. तिला कामावरून काढलं होतं. झालं असं, की तिच्या पाळीत मशीनजवळ तेल सांडलं, ते कुणी पुसलं नाही, आणि एक कामगार घसरून पडला. हात मोडला त्याचा. ठपका हिच्यावर. तिनं सगळं सांगितलं, पण तिच्या पद्धतीनं. घरातून कधी निघाली, रिक्षात शेजारी कोण होतं, डब्यात काय होतं, इथपासून. त्या पाल्हाळाच्या मधोमध ती म्हणाली, "म्या तिथं नव्हतेच ना ताई. सुपरवायझरनंच मला हापिसात बोलावलेलं, पाव्हण्यांचे कप धुवायला. मला कसं दिसंल तेल?" दुकानात गर्दी होती. स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख, पोरं-पोरी दारापर्यंत उभ्या, झेरॉक्सचं मशीन तापलेलं. मी वहीतला 'साहेबांचं मन वळेल अशी' काढला आणि त्याखाली टाकलं: कंपनीत साफसफाई, तेल सांडलं, कामगार जखमी, कामावरून कमी केलं, परत घ्यावं ही विनंती. कप धुण्याचं राहिलं. 'नक्कीच!' आलं, आणि पाठोपाठ पानभर अर्ज आला, चांगला देखणा, एक खाडाखोड नाही. मी प्रिंट काढली. तिनं एकेक अक्षर जोडत खाली सही केली, घडी घातली आणि कागद पिशवीत ठेवला. वाचून दाखवायचं राहून गेलं.

आज दुपारी ती परत आली, चप्पल न काढता. अर्जाची प्रत काउंटरवर आपटली. "म्या कुठं म्हणलं चूक माझी? सांग ना! कुठं म्हणलं म्या?" मी घडी उलगडली. तिसरीच ओळ: 'सदर दिवशी माझ्याकडून अनवधानाने झालेल्या निष्काळजीपणाबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर असून भविष्यात अशी चूक पुन्हा होणार नाही, याची ग्वाही देते.' साहेबांचं मन वळवायला सांगितलं होतं ना मी, मग त्यानं वळवायला घेतलं, आणि त्यासाठी या बाईला पार जमिनीपर्यंत वाकवलं. सुपरवायझरनं तो कागद परवा सकाळी गेटवर सगळ्या बायांसमोर मोठ्यानं वाचला म्हणे. "ये देखो, तूनेच लिख के दिया है ना? सही किसकी है?" सही तिचीच. ज्यानं तिला कप धुवायला नेलं तोच हात वर करून मोकळा, आणि मोठे साहेब म्हणतात, बाई स्वतःच कबूल करतेय तर चौकशी कशाची करायची? कामापेक्षा वेगळंच तिच्या जिवाला लागलं होतं. म्हणाली, "काम गेलं तर गेलं, चार घरची भांडी घासीन. पण ज्याचा हात मोडला त्याची बायको माझी शेजारीण हाय. आजवर म्हणायची, तुमी तिथं नव्हत्या, मला म्हायती हाय. आता नळावर माझ्याकडं पाठ करून उभी ऱ्हाती." मी मोबाईल पुढं केला. म्हणलं, मावशी, हे ह्यानं लिहिलंय. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "म्या त्याला वळखत नाय. म्या तुझ्याकडं आलते."

ती निघाली होती. मी काउंटरच्या बाहेर जाऊन हात धरला, आत आणून बसवलं, आणि पहिल्यापासून पुन्हा विचारलं. या खेपेला तुम्ही प्रत्येकाला विचारायचात तो ठरलेला प्रश्नही विचारला, "तवा तुमी कुठं होता?" हातानं लिहून घेतलं सगळं. उद्या आठला या, दोघी मिळून कंपनीत जाऊ, असं सांगून तिला लावून दिलं. ती गेल्यावर मोबाईल उचलला आणि त्याला चांगलं फैलावर घेतलं. तू त्या बाईच्या तोंडी माफी का घातलीस? उत्तर काय यावं? 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.' घ्या! पुन्हा माफी! माफी मागायला त्याचं काय जातंय? त्याला ना गाव, ना नळ, ना शेजारीण. असा संताप झाला की मोबाईल भिंतीवर आपटणार होते, पण धंदा त्याच्यातच आहे सगळा, म्हणून चार्जिंगला लावला.

आणि मग तुम्ही आठवलात. मी सोळा वर्षांची आहे, सुट्टीत तुमच्या टेबलाशी बसतेय. देवगाव रंगारीचा एक म्हातारा आलाय, शेताच्या वाटेची तक्रार घेऊन. तुम्ही सांगताय, मी टाइप करतेय. मधेच तुम्हाला कुणीतरी कचेरीत बोलावून नेतं, आणि तेवढ्यात मी म्हाताऱ्याचा अंगठा घेऊन, अर्ज आत देऊन, त्याला वाटंला लावते. त्याची एसटी चुकू नये म्हणून. चांगलंच केलं होतं की मी! तुम्ही येऊन विचारता, "वाचून दाखीवला?" मी म्हणते, "तुमीच सांगितलं, म्याच टाइप केलं, वाचायचं काय त्यात?" झालं. तुमचा आवाज कचेरीच्या गेटापर्यंत. "अंगठा त्याचा हाय का तुझा? वर काय लिव्हलंय ते त्याला कोण सांगंल, तुझा बाप?" चहावाला फिस्सकन हसला, कारण बाप तर समोरच उभा होता. तुम्हाला ते कळलं नाही आणि मला हसायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मला एकटीला देवगावला धाडलंत, कार्बनची प्रत देऊन. थांब्यापासून त्याच्या शेतापर्यंत उन्हात पाय पोळले. म्हातारा बैलाला पाणी दाखवत होता. मी बांधावर उभी राहून रागारागानं घडाघडा वाचलं. तो म्हणाला, "सावकाश वाच, बाय." मग सावकाश वाचलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि शेवटी म्हणाला, "व्हय. हे माझंच हाय." एक चूक नव्हती त्या अर्जात, दादा. एक काना-मात्रा इकडची तिकडं नव्हती. पस्तीस वर्षं मी हेच धरून बसलेय, की एकही चूक नसताना तुम्ही मला चारचौघांत बेइज्जत केलं आणि उन्हात पळवलं. आईनं सुद्धा तेव्हा चार दिवस तुमच्याशी धड बोलणं टाकलं होतं.

माझा राग कशाचा आहे सांगू? तुम्ही नुसते ओरडायचात. का वाचायचं, ते एकदा तरी जवळ बसवून सांगायचं होतं. तुमच्या त्या वाचण्यापायी रांग ताटकळायची, लोक वैतागून पलीकडच्या टाइपवाल्याकडं जायचे, आणि तुम्ही आपले एका बाईला तेच पान तिसऱ्यांदा वाचून दाखवताय. एकदा एका अर्जात मी माझ्या मनानं 'क्षमा असावी' घातलं, शोभून दिसतं म्हणून. तुम्ही ते ब्लेडनं खरवडून काढलंत. "विनंती कितीबी लवून कर. माफी मागायची का नाय, ते त्याला इचार." बस, एवढंच. पुढं शब्द नाही. देवगावहून आले त्या आठवड्यात तुम्ही माझ्यासाठी नवा लाकडी स्टूल आणलात आणि म्हणालात, उद्यापासून वाचायचं काम तुझं. ते बक्षीस होतं का शिक्षा, तेही कधी बोलला नाहीत. त्याच स्टुलावर मी दुपारी मावशीला बसवलं. तुम्ही नीट समजावलं असतं तर मला ते कळलं असतं, आणि कळलं असतं तर टिकलं असतं. हे मी दुपारपासून स्वतःला सांगतेय, पण जरा नीट ऐकलं की ते लंगडं वाटतं, म्हणून अजूनच चिडचिड होतेय.

नवा अर्ज मी हातानं लिहिलाय. तेल सांडलं तेव्हा ती कुठं होती, तिला कुणी बोलावलं, कशासाठी, सगळं तिच्या शब्दांत. त्यासोबत माझा वेगळा कागद: 'पहिल्या अर्जातील माफीचा मजकूर अर्जदार बाईंनी सांगितलेला नाही. तो माझ्या दुकानात घातला गेला. दुकानात गर्दी असल्यामुळे मी तो त्यांना वाचून दाखवला नाही.' आणि शेवटी, तुम्ही लिहायचात तसं, 'लिहिणार' म्हणून माझं नाव आणि सही. तुम्ही गेल्यापासून मी कुठल्या अर्जाखाली माझं नाव घातलं नव्हतं. प्रिंटवर कोण घालतं? सुपरवायझर तिथं सगळ्यांदेखत माझ्यावर घसरणार, गावात बोभाटा होणार, की त्या दुकानात भलतंच लिहून देतात. होऊ दे. साहेब ऐकतील का नाही, ते मला ठाऊक नाही. पण तिथून परत येताना तिच्या गावात उतरायचं, त्या शेजारणीच्या दारात जायचं आणि हाच कागद तिला मोठ्यानं वाचून दाखवायचा, एवढं ठरवलंय.

तुमच्या सवयीप्रमाणं आत्ता दोन्ही मजकूर मोठ्यानं वाचून काढले, आधी कंपनीचा कागद, मग हे तुमचं पत्र. दोन्हीकडं एकाच ठिकाणी अडले. उद्या आठला ती या स्टुलावर बसंल, मी वाचायला लागेन, आणि 'गर्दी असल्यामुळे' म्हणलं की ती माझ्याकडं बघंल. त्या दिवशी ती इथंच होती ना. कंपनीच्या कागदावरचे गर्दीचे तेवढे शब्द खोडलेत. तुमच्या पत्रातली गर्दी तशीच ठेवतेय. हे काही कुठं धाडायचं नाही, टाइपरायटरखाली सारून ठेवीन.

फॉर्मची गर्दी आदल्या दिवशी होती, दादा. ती आली तेव्हा दुकानात आम्ही दोघीच होतो. मी मोबाईलवर दिवाळीच्या शुभेच्छा करून घेत होते, 'आपण आमचे ग्राहक नाही, आमचे कुटुंब आहात.' सही करायच्या आधी ती म्हणाली होती, "ताई, एकडाव वाचून दाखव की." मी मान वर न करता म्हणलं, "बरोबर हाय मावशी, करा सही."