याकोबला माती द्यायला

ऑक्टोबर १९८४, मंगळवार संध्याकाळ

नात आज पहिल्यांदा खुदकन हसली, पण कौतुक कुठलं करते मी. परवा शेजारचा याकोब आमच्या सुधीरच्या गाडीखाली गेला. सहा लेकरांचा बाप, मेनोनाइट, म्हणजे इकडे परदेशातल्या एका साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातला, भारी देवभोळा. नातीचा पाळणा त्यानंच करून दिलेला. सुधीर त्या पाळण्याकडे बघत नाही, जेवत नाही.

आज याकोबची बायको रूथ स्वतः पाव भाजून घेऊन आली. सुतकातली बाई आम्हाला जेवण आणते?

सुनेनं तिचं बोलणं मला मराठीत सांगितलं, "आई, त्यांनी माफ केलंय. उद्या सुधीरनंही कबरीत माती लोटायला यावं म्हणतात. त्यांच्यात घरचेच लोटतात."

सुधीर म्हणाला, "आई, माझ्यानं फावडं उचलवणार नाही."

"मी येते बरोबर," म्हटलं खरं. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत; माझ्या नवऱ्यालाही मी दारातूनच शेवटचा निरोप दिला होता.