टाकीच्या बुडाची सुरगाठ

तळवली

प्रिय मनस्वी,

तुझ्या चारही टाक्या तपासून आल्या, पास झाल्या. दारामागे उभ्या आहेत. येणारा-जाणारा विचारतो, चंदा, घरात एवढा गॅस कशाला भरून ठेवलास? मी सांगते, माझ्या लेकीची पाण्याखालची हवा आहे ती. तेवढ्यापुरती हसते. पण त्या दिवशी तू विचारलंस, आई, अंदमानला डायव्हिंग शिकवायला जाऊ का, आणि मी मान खाली घालून बोंबील साफ करत राहिले. तू रागाने मालवणला कामावर निघून गेलीस.

तू गेल्यावर टाक्या सरकवायला गेले, तर एकीचं तळाचं रबरी बूड निसटून माझ्या पायावर आदळलं. वरची जाळी तर इतकी ढगळ, लहान पोराला बापाचा सदरा घातल्यासारखी. मालवणला असंच बूड एका पाहुण्याच्या अंगठ्यावर पडलं म्हणून तू खिदळत सांगितलं होतंस. मला नाही आलं हसू. बूड निसटलं तर हलत्या होडीत टाकी उभी कशी राहणार? शेवटी तुझ्या बाबांची जाळं विणायची सुई काढली. ते गेल्यापासून मी ती हातात धरली नव्हती.

टाकीच्या अंगाबरोबर घट्ट अशा नव्या जाळ्या विणल्या. बुडाच्या कडेला भोकं असतात, त्यांतून दोरा ओवून निरगाठी मारल्या, आपल्या जाळ्याला मारतो तशाच. जाळं फाटेल, पण गाठ सुटायची नाही. आळीत सगळ्यांना बोलावून दाखवलं. मग तुर्भ्याहून तपासणीवाले हौसेराव टेम्पो घेऊन आले आणि कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, "मावशी, बूड काढल्याशिवाय मी खालचं लोखंड बघू कसं? तुम्ही तर टाकीला जन्माचं बांधून टाकलंत!" माझ्यादेखत त्यांनी सगळं कापलं. मी चांगलीच तणतणले. पण बुडात खारं पाणी साचलेलं होतं आणि लोखंडावर गंजाचे ठिपके होते. गंज वरवरचा होता म्हणून बरं. माझ्या गाठींनी तो आतल्या आत वाढला असता, आणि मी मात्र किती छान बांधलं म्हणून मिरवत राहिले असते.

आता पुन्हा विणलंय. या वेळी सुरगाठ मारली आहे. टाकी अंगणात लोळवली, ओली करून आपटली, बूड हलत नाही. पण दोऱ्याचं टोक ओढलं की लगेच मोकळं होतं. रोज काम संपलं की बूड काढून गोड्या पाण्याने धू, वाळव, मग पुन्हा बांध. कंटाळा करू नकोस. तू आंघोळीचासुद्धा कंटाळा करणारी, म्हणून सांगते.

विणताना तुझे बाबा सारखे समोर येत होते. होडीच्या पंख्यात अडकलेलं जाळं सोडवायला ते पाण्यात उतरले. होडीवर दुसरं कुणी नव्हतं. मी घरी त्यांच्यासाठी कालवण करून ठेवलं होतं. आपण पाण्यावरची माणसं, मनस्वी. पाण्याखाली गेलेलं माणूस परत येतं, हे माझ्या मनाला अजून पटत नाही. तू रोज वर येतेस, फोन करतेस, तरी पटत नाही. मला भीती वाटते गं. खूप वाटते.

तरी तू जा. नाही म्हणून तुला घरात बसवलं, तर तू बसशील, आणि तुझं तोंड बघून मलाच जेवण जाणार नाही. फक्त एक मागणं आहे. फोनवर सांगताना रडू फुटलं असतं, म्हणून हे पत्र. तिथे पहिल्यांदा पाण्यात उतरशील, त्या दिवशी मला होडीत बसव. मी काही बोलणार नाही, तुझ्या शिष्यांसमोर तुला लाजवणार नाही. तुझ्या बाबांसाठी तेव्हा वर कुणी नव्हतं. तू वर आलीस की तुझी टाकी मी हातात घेईन आणि बूड सोडून धुवायला बसेन.

तुझीच,
वाट बघणारी आई