नमुन्याचं व्हेनिस

रविवार, १६ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (नमस्कार केला की तुला एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटतं, हे ठाऊक आहे. पण आई मघापासून माझ्या खुर्चीमागून येरझाऱ्या घालते आहे, तेव्हा सुरुवात तरी रीतसर दिसलेली बरी. आता ती आत गेली.)

तुझ्या एवढ्या निरोपांना मी उत्तर दिलं नाही, त्याबद्दल आधी माफ कर. आळस नव्हता. तुझा प्रश्न साधा होता, ‘व्हेनिस की फ्लॉरेन्स, एकदाचं काय ते कळव’, आणि तेच मला कळवता येत नव्हतं. फोन करावा तर बाबा तो हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू येईल असा लावायला सांगतात आणि शेजारी खुर्ची ओढून बसतात. म्हणून पत्र. तुझी पाठ कशी आहे? भावोजींनी रात्रीचं जेवण सोडून वजन वाढवायचा उद्योग थांबवला का? इकडे सगळ्यांच्या तब्येती ठीक आहेत. आईचा गुडघा आणि बाबांचा स्वभाव सोडून.

मुळात हा घोळ तुझा आहे. रागानं लिहीत नाही, नोंद असावी म्हणून लिहितो. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला दोघांना इटलीला पाठवायचं, ही कल्पना आपल्या दोघांची. पण तू आईला म्हणालीस, तुला व्हेनिस दाखवणार. आणि आठवड्याभरानं बाबांना म्हणालीस, तुम्हाला फ्लॉरेन्सचा घुमट दाखवणार. दोघांनीही आपापलं गाव मनात जपून ठेवलं आणि एका सकाळी चहाच्या टेबलावर एकदमच बाहेर काढलं. त्या दिवशी चहा तसाच गार झाला. दोन्ही गावं करा, आगगाडीनं जवळच आहेत, असं मी सुचवून पाहिलं. बाबा म्हणाले, दोन कामं एकदम काढणाऱ्या ठेकेदाराला मी कधी उभं केलं नाही. आई म्हणाली, धावतपळतच बघायचं तर घरीच बरी आहे मी. पन्नास वर्षांत त्यांचं एकमत व्हायची वेळ कधीमधीच येते, ती नेमकी माझ्याविरुद्ध आली.

मग निकाल माझ्याकडे आला. विमा कचेरीत लोकांचे दावे तपासणारा माणूस घरात असताना आणखी कुणाकडे जाणार? (‘साहेब काय म्हणतात बघू,’ असं बाबा म्हणतात. हे ‘साहेब’ कसं उच्चारलं जातं, ते तू ऐकलेलं आहेस.) मी दोघांची बाजू वेगवेगळी ऐकून घेतली. बाबांनी चाळीस वर्षं इमारती उभ्या केल्या. त्यांचं म्हणणं मोठं आणि तपशीलवार होतं. एवढा अवाढव्य घुमट, खालून लाकडी टेकू न लावता, नुसत्या विटांच्या बांधणीवर वर चढवत नेला, तो कसा, हे त्यांना जवळ जाऊन बघायचं आहे. आई एवढंच म्हणाली, “आयुष्यभर यांच्या इमारतीच बघितल्या. राहायला आलो तेव्हा आपल्या घराला जिनासुद्धा नव्हता, शिडीनं चढायचे मी, ताई कडेवर. आता सुट्टीतही गवंडीकामच बघू?” मग उठता उठता म्हणाली, “आणि तिकडे गाड्या नाहीत.” मी बाबांचं चार पानं लिहून घेतलं. आईचं शेवटचं वाक्य लिहिलंच नाही. मला ती हवापाण्याची माहिती वाटली.

आता बाबांचा नियम तुला आठवत असेल: नमुना लावल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. फरशी बसवायची तर आधी चार फरश्या बसवून बघा, रंग द्यायचा तर कोपऱ्यात हातभर देऊन बघा. त्यांनी जाहीर केलं की गावांचाही नमुना लावून बघू. एक रविवार फ्लॉरेन्सचा, एक व्हेनिसचा. मी हो म्हणालो. का म्हणालो, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. न्याय दिसावा म्हणून, की निकाल आणखी दोन रविवार पुढे ढकलता यावा म्हणून? यातलं दुसरं कारणच खरं असावं.

फ्लॉरेन्सच्या घुमटाला शेकडो पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, म्हणून बाबा आम्हाला त्यांनीच बांधलेल्या एका बारा मजली इमारतीत घेऊन गेले. लिफ्टकडे बघायचंसुद्धा नाही, असं ठरलं. चौथ्या मजल्यावर बाबा थांबले. दम लागला म्हणून नव्हे, गिलावा तपासायला. (दम लागलेला माणूस गिलावा इतका वेळ तपासू शकतो, हे मला माहीत नव्हतं.) तेवढ्यात एका बाईंनी दार उघडलं. बाबांनी आपली ओळख करून दिली आणि बाईंनी त्यांना हाताला धरून आत नेलं. न्हाणीघरातली ओल इतकी वर्षं वाढतच होती, तिचा जन्मदाता आज सापडला होता. बराच वेळ आतून बाबांचा ‘तेव्हाच सांगितलं होतं’ हा आवाज येत होता. आई जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. बाबा बाहेर आले तेव्हा शांतपणे म्हणाली, “घुमटही असाच बघायचा ना? तुम्ही भिंतीवर, मी पायरीवर.” बाबांनी नमुना पास केला. आईनं गुडघा चोळला.

गेल्या रविवारी व्हेनिससाठी मी कालव्याकाठचा कापडबाजार निवडला. रविवारी तो जवळजवळ बंद असतो, आतल्या बोळांत वाहनांना बंदी आहे आणि कालव्यावर पायऱ्या असलेले दोन पूल आहेत. खऱ्या व्हेनिसमध्ये सामान पुलांवरून उचलूनच न्यावं लागतं, असं कळल्यावर बाबांनी दोन सुटकेसा बाहेर काढल्या. रिकाम्या नेणं ही फसवणूक झाली असती, म्हणून त्यांत जुन्या फरश्यांचे नमुने भरले. तर चित्र डोळ्यांपुढे आण: पुढे दोन म्हातारी माणसं, एकेका पायरीवर सुटकेस टेकवत, आणि मागे हात मोकळे सोडून चालणारा मी. (मी मदत केली तर नमुना खोटा ठरेल, असा बाबांचा हुकूम होता.) पहिल्याच पुलावर एक सुताचा दुकानदार अर्धवट शटरखालून बाहेर आला. “काय हो, आईबापांना घराबाहेर काढलंत, ते काढलंत, निदान सामान तरी उचला!” मी समजावून सांगू लागलो, की यांना इटलीला पाठवायचं आहे. “इतक्या लांब?” तो म्हणाला. बाबा मदतीला येतील असं वाटलं, पण ते दमले होते आणि आदर्श पित्यासारखे मान खाली घालून उभे राहिले. तोवर आणखी दोघं जमले. त्यातल्या एकानं बाबांना आपल्या घरी राहायला बोलावलं.

या गडबडीत आई दिसेनाशी झाली. सुटकेस पुलावर, आई नाही. ताई, तुला आठवतच असेल, दोन वर्षांपूर्वी दुधाच्या दुकानासमोर तिला स्कूटरचा धक्का लागला होता. हाड जुळलं, पण तेव्हापासून ती एकटी रस्त्यावर उतरलेली नाही. कुठंही जायचं तर बाबा तिचं मनगट धरतात. बाबांचा चेहरा असा झालेला मी त्या दिवसानंतर पहिल्यांदा बघितला. ते एका बोळातून, मी दुसऱ्यातून, आणि मघाचा सुतवाला तिसऱ्यातून, असे आम्ही तिला शोधत सुटलो. बाबा तिला नावानं हाका मारत होते. आपल्यासमोर त्यांनी तिला कधी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही.

ती बाजाराच्या पार टोकाला, कालव्याच्या पायरीवर बसली होती. चप्पल शेजारी काढून ठेवलेली. सगळे बोळ फिरून झाले होते तिचे. बाबा काही बोलायच्या आधीच म्हणाली, “अहो, इतकं चालले, एकदाही मागे वळून बघावं लागलं नाही.” एवढंच. मला त्या क्षणी तिचं ते मी न लिहिलेलं वाक्य आठवलं, ‘तिकडे गाड्या नाहीत’, आणि आपण रोज कुणाकुणाचे दावे असेच निकालात काढत असू, असं वाटलं.

परत येताना मोठा रस्ता लागला. बाबांनी नेहमीसारखं तिचं मनगट धरलं. ती म्हणाली, “जरा सैल धरा. दुखतं.” दोन वर्षांत ती हे पहिल्यांदा म्हणाली. बाबांनी हात सैल केला, पण रस्ता ओलांडेपर्यंत तेच दोन्हीकडे मान वळवून वळवून बघत होते. तेव्हापासून मी विचार करतो आहे, की आपण ज्या भीतीला आईची भीती म्हणत आलो, ती नक्की कुणाची? मला अजून सांगता येत नाही. रात्री जेवताना बाबा कुणाकडेही न बघता म्हणाले, “तिकडे जागोजाग पाणी आहे. काठाला कठडा नाही.” आई म्हणाली, “मला पोहता येतं. तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही.” बाबांना खरंच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तुला होतं का?

तर निकाल काय, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. तो मी अजून कुणाला सांगितलेला नाही. सगळ्यांना माझा नमस्कार सांग, आणि पाठीची काळजी घे.

तुझा,
साहेब

ता. क. : खरं काम आता लिहितो. बाबा आतून वळले आहेत, पण स्वतः माघार घेणार नाहीत. काल म्हणाले, “मी बदललं असतं रे, पण ताईनं शब्द दिलाय. पोरीचा शब्द कसा मोडू?” तेव्हा फ्लॉरेन्सचा शब्द तूच परत घे. घुमट बंद आहे वगैरे खोटं सांगू नकोस, ते चौकशी करतील. सरळ म्हण, ‘बाबा, मी चुकले, आधी आईला कबूल केलं होतं.’ ते तुझ्यावर चिडतील, दोन दिवस फोनवर येणार नाहीत आणि मग व्हेनिसची घरं पाण्यात कशी उभी आहेत, याची माहिती जमवायला लागतील. लाकडी खांबांचं मी आधीच त्यांच्या कानावर घालून ठेवलं आहे.

ता. क. २ : पाकीट चिकटवायला घेतलं तेवढ्यात आई आली. “काय रे एवढं लिहिलंस?” म्हणाली. मी म्हटलं, तुमच्या दोघांच्या तक्रारी. “मग आण इकडे, उद्या सकाळी मीच टाकते.” पत्रपेटी रस्त्याच्या पलीकडे आहे, औषधाच्या दुकानाजवळ. बाबा पेपरामागून म्हणाले, मी येतो बरोबर. ती म्हणाली, “एक पाकीट टाकायला दोघं कशाला?” पेपर खाली आला नाही, पण पानही उलटलं नाही. तेव्हा हे पत्र तुला मिळालं, तर ते कसं आलं हे तुला आता माहीत आहे. वाचून झालं की पाकीटच जरा वेळ हातात धर.

उद्याचं माझं काम : आई पत्र टाकायला निघाली की बाबांना खिडकीपाशी जाऊ न देणे.